कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत : व्हायोलिनचे ध्वनिमुद्रण

यंत्राचा इतिहास म्हणजे शोधकांची नामावळी, असा आपला सामान्य समज असतो. परंतु ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात खरा प्रश्न निराळा आहे. वाद्याने यंत्रासाठी बदलावयाचे, की यंत्राने वाद्याचे ऐकावयाचे? व्हायोलिनच्या बाबतीत हा प्रश्न फार प्रखरपणे उभा राहिला.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या काळात विजेचा मायक्रोफोन नव्हता. वादकाने कर्ण्यासमोर वाजवावयाचे. हवेच्या कंपनांनी पातळ पडदा हालावयाचा आणि त्याला जोडलेल्या सुईने मेणाच्या तबकडीवर रेषा कोरावयाची. ही सारी शक्ती वाजविणाऱ्याच्या हातची. खणखणीत गळ्याला किंवा पितळी वाद्याला हे साधत असे. व्हायोलिनचा नाजूक आणि चहूकडे पसरणारा आवाज मात्र कर्ण्यात थोडाच शिरे. म्हणून लंडनच्या ऑगस्टस स्ट्रो यांनी १८९९ मध्ये एका विलक्षण व्हायोलिनच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्याला लाकडी पेटीच नव्हती. घोडीची कंपने ॲल्युमिनियमच्या पडद्यावर जात आणि धातूच्या कर्ण्यातून एकाच दिशेने बाहेर पडत. यंत्राला ऐकू जावे म्हणून वाद्याने आपला देहच टाकला! आवाज वाढला, पण लाकडाची ऊब गेली.

याच कर्ण्याच्या युगात, १ जुलै १९२२ रोजी, टेक्ससचे लोकवादक ए. सी. रॉबर्टसन यांनी न्यू यॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ‘सॅली गूडन’ ही धून एकट्याने वाजविली. एकाच धुनीची रूपांमागून रूपे त्यांनी उलगडली. अमेरिकन ग्रामीण संगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते.

१९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्पद्धती स्वीकारली. मायक्रोफोनने टिपलेला क्षीण आवाज विजेने वाढविता येऊ लागला आणि व्हायोलिनला पुन्हा लाकडी देहाने गाता आले. पुढे १९३० नंतरच्या दशकात हॅरी ऑल्सन यांच्या प्रयत्नांतून धातूच्या पातळ फितीचा मायक्रोफोन प्रचारात आला. तो पुढून व मागून ऐकतो, बाजूंनी जवळजवळ नाही. तारांची कर्कशता तो सौम्य करतो. म्हणून व्हायोलिनसाठी अनेकांना तो प्रिय झाला.

पण मायक्रोफोन निवडला म्हणजे काम संपले, असे नव्हे. व्हायोलिनचे खालचे स्वर सभोवार सारखे पसरतात. आवाजातील तीक्ष्ण अंश मात्र वरच्या फळीच्या समोर अधिक जातो. मायक्रोफोन फार जवळ नेला, तर गजाची खरखर आणि वादकाचा श्वासही ऐकू येतो. फार दूर ठेवला, तर खोलीच जास्त ऐकू येते. म्हणून एक-दोन हात अंतरावर, थोडा उंच ठेवून आरंभ करावा, आणि मग कानाने ऐकून तो सरकवावा. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचे टोक पायाशी टेकवून वाजवितात. त्यामुळे वाद्याचा रोखच बदलतो आणि उभ्या वादकासाठी ठरविलेली जागा येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

पूर्वी दोष यंत्राच्या माथी मारता येत असे. आता ती सवड राहिलेली नाही. वादक गेल्यावर त्याच्या गजाचा जो स्वर उरेल, तो मायक्रोफोन कोणी कोठे ठेवला, यावरही ठरणार आहे. ध्वनिमुद्रकाने हे ओळखून आधी वाद्य ऐकावे आणि मग यंत्राला हात लावावा.