विलीनीकरण

गंगाखेडला दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा फडकतो आणि ‘विलीनीकरण’ हा शब्द पुन्हा कानी पडतो. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली.

शब्दाचा मूळ धातू संस्कृत ‘ली’, म्हणजे चिकटणे, विरघळणे. लय, प्रलय, तल्लीन ही त्याचीच लेकरे. संत जनाबाईंच्या या जन्मगावाला ‘लीन’ तर भक्तीतूनच ठाऊक. ‘विलीन’च्या शेवटच्या ‘अ’चा ‘ई’ होतो तो च्वि-प्रत्ययामुळे: जे आधी तसे नव्हते, ते तसे करणे.

युरोपात १९५७ च्या रोम कराराने सहा देश आर्थिक समुदायात एकत्र आले. त्याला आपण ‘एकीकरण’ म्हणतो आणि ते नेमके आहे. कारण फ्रान्स फ्रान्सच राहिला. हैदराबाद राज्य मात्र १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार वाटले जाऊन नकाशावरून गेले; गंगाखेडचा परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला. म्हणून इथे ‘विलीनीकरण’च खरे. संस्थान विरघळले आणि उर्दू कारभाराखाली दबलेली मराठी शाळा-कचेरीत हक्काने बोलू लागली.