नाशवंत माल आणि हंगामी हात

लखनौच्या रायबरेली मार्गावर उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसविलेल्या आमच्या वृंदावन योजनेपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही मासळीशी या परिसराचे नाते अगदीच नाही असे नाही. शेजारच्या तेलीबाग भागात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था आहे. देशातील माशांच्या जाती, त्यांची गुणसूत्रे आणि त्यांचे नमुने यांची नोंद ठेवणे हे तिचे काम. एखाद्या दुर्मीळ जातीच्या माशाची नोंद शासनाकडे सापडेल. तो मासा सोलणाऱ्या बाईची नोंद मात्र कोठे सापडेल, हा प्रश्न अनेक वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांपुढे तो मांडावासा वाटला, कारण स्थलांतराचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मासळी-प्रक्रिया उद्योगाचा प्रशासकीय इतिहास मिठापासून सुरू होतो. इंग्रजी अमदानीत मिठावर जबर कर होता आणि त्यामुळे मासळी खारवण्याचा धंदा मोडकळीस येऊ लागला. तेव्हा सरकारने मद्रास इलाख्यात, तसेच मुंबई इलाख्यातील रत्नागिरी व कारवारच्या किनाऱ्यावर मासळी खारवण्याची बंदिस्त आवारे उघडली. तेथे मीठखात्याच्या देखरेखीखाली सवलतीच्या दराने मीठ मिळे. ते बाहेर जाऊन कर बुडू नये म्हणून आत आलेली मासळी, दिलेले मीठ आणि बाहेर पडलेला खारा माल यांचा ताळा घातला जाई. महसूल खात्याच्या शिस्तीचा तो उत्तम नमुना होता यात शंका नाही. परंतु मासळी चिरणारे, धुणारे आणि मीठ चोळणारे हात बहुतांशी बायकांचे असत, आणि हातांवर कर नसल्यामुळे त्यांचा हिशेब ठेवण्याचे कारणही सरकारला नव्हते. माझ्या मते पुढील शंभर वर्षांची दिशा येथेच ठरली. शासनाची नजर मालावर राहिली आणि माल हाताळणारा माणूस तिच्या कक्षेबाहेर गेला.

याचा सर्वात बोलका पुरावा कारखाने अधिनियम, १९४८ यात आहे. कलम ६६ अन्वये स्त्रियांना सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात काम देण्यास मनाई होती. राज्य शासनाला या वेळा बदलता येत, पण रात्री दहा ते पहाटे पाच या मर्यादेला हात लावता येत नसे. मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात एक अपवाद होता. मासळी खारवण्याच्या किंवा डबाबंद करण्याच्या कारखान्यांत कच्चा माल खराब होण्याचे टाळण्यासाठी आवश्यक असेल, तर स्त्रियांना या बंधनातून सूट देणारे नियम राज्य शासनाने करावेत; असे नियम एका वेळी तीन वर्षांपेक्षा अधिक काळ अमलात राहू नयेत. साऱ्या उद्योगांतून नाव घेऊन सूट मिळाली ती मासळीला. या अपवादाचे मूळ आंतरराष्ट्रीय आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली स्त्रियांच्या रात्रपाळीविषयी जो करार केला आणि ज्याला भारताने १९२१ साली मान्यता दिली, त्यातही झपाट्याने नासणाऱ्या मालाचा अपवाद होता. रात्री बाईने घरी असावे असे सांगणारा कायदाच कोळंबी नासू लागली की बाईने रात्रभर उभे राहावे असे म्हणतो! नैतिकतेपेक्षा नाशवंतता वरचढ ठरल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या कायद्यांत दुसरे क्वचितच असेल.

१९४८ च्या त्या शब्दांत ‘गोठवणे’ नाही, कारण तो धंदा अजून जन्माला यायचा होता. १९५२ च्या ऑक्टोबरात भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि पुढील वर्षी केरळातील कोल्लमजवळ नींदकरा-शक्तिकुलंगरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. मच्छीमारांचे राहणीमान सुधारावे, होड्यांना यंत्रे बसावीत, गावात आरोग्याच्या सोयी व्हाव्यात हा मूळ हेतू होता. त्याच सुमारास कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेस जाऊ लागली, नंतर जपानची बाजारपेठ उघडली, आणि पाहता पाहता प्रकल्पाचा हेतू मागे पडून ट्रॉलर व कोळंबी पुढे आली. १९७२ साली समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालयही कोचीलाच झाले. या काळात कोल्लम-आलप्पुळा पट्ट्यात कोळंबी सोलणाऱ्या बायकांची एक कुशल पिढी तयार झाली. डोके काढणे, साल उतरवणे, पाठीवरची काळी शीर न तुटता ओढणे, आणि हे सारे बर्फाच्या पाण्यात, किलोच्या हिशेबाने. दोन बोटांच्या या कामाला ‘अकुशल’ म्हणणाऱ्याने एकदा पाटीभर करंदी सोलून पाहावी.

पुढे धंदा उत्तरेकडे सरकला. गुजरातेत वेरावळ व पोरबंदर, महाराष्ट्रात मुंबई, तळोजा व रत्नागिरी येथे गोठवणगृहे उभी राहिली. मुंबईत ससून डॉक होताच. १८७५ साली बांधलेला हा धक्का पुढे मासळीचे केंद्र झाला आणि तेथील कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये कोळणींच्या बरोबरीने इतर जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेल्या बायका बसू लागल्या. रत्नागिरीत १९९० च्या दशकात राणी माशासारख्या स्वस्त मासळीपासून सुरिमी तयार होऊ लागली. जपानी पद्धतीचा हा माशाचा लगदा कोकणातल्या ताटात कधी आला नाही, पण मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या भावावर त्याचा परिणाम झाला. या नव्या कारखान्यांना सरावलेली बोटे हवी होती आणि ती केरळात होती. म्हणून १९८० च्या दशकापासून केरळच्या किनाऱ्यावरील तरुण मुली टोळ्याटोळ्यांनी आगगाडीने वेरावळ, तळोजा, रत्नागिरीला येऊ लागल्या. पावसाळा संपला की यायचे, मे अखेरीस परतायचे.

त्यांना आणणारा कंत्राटदार बहुधा त्यांच्याच मुलखातला असे. कित्येकदा ती पूर्वी स्वतः सोलणीचे काम केलेली बाईच असे. आगाऊ रक्कम घरच्यांच्या हाती पडे. मुक्काम कारखान्याच्याच माडीवर, त्यामुळे मासळी आली की मध्यरात्रीही खाली बोलावणे येई. बाहेर जाणे कंत्राटदाराच्या परवानगीने. पुरा हिशेब हंगामाच्या अखेरीस. सतत बर्फात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. बीड-नगरकडच्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल, कारण ऊसतोडीची उचल आणि मुकादम यांची ही सख्खी भावंडे. फरक इतकाच की कोयत्याच्या जोडीत नवराबायको असतात, तर येथे बहुतांशी अविवाहित मुली.

ही पद्धत आपलीच आहे असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात स्कॉटलंडमधील हजारो मुली हेरिंग मासळीच्या मागे शेटलंडपासून इंग्लंडच्या ग्रेट यार्मथपर्यंत आगगाडीने प्रवास करीत. तिघींची एक टोळी. दोघी मासळी चिरणार, तिसरी पिंपात रचणार. मजुरी पिंपावर. हंगामापूर्वी व्यापारी त्यांना ‘आर्ल्स’ नावाचा विसार देई आणि तो घेतला की मुलगी त्या हंगामापुरती बांधली जाई. सुरी व मीठ यांपासून बचाव म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळत. तेथेही सरकारी अधिकारी पिंपे तपासून त्यांवर राजमुकुटाचा शिक्का मारीत. युरोपच्या बाजारात त्या शिक्क्याला मोल होते. चिंध्या गुंडाळलेल्या बोटांवर कोणताच शिक्का नव्हता. तरीही त्या मुलींनी यार्मथला संप केले. १९३६ चा संप प्रसिद्ध आहे. मासळी नासते हे मालकाचे दुखणे त्यांनी नेमके ओळखले होते. नाशवंत माल मजुराला बांधतो तसा मालकालाही बांधतो. आपल्याकडच्या मुलींना भाषा परकी, गाव परके आणि परतीचे तिकीट कंत्राटदाराच्या हाती, त्यामुळे हे शस्त्र त्यांना उचलणे कठीण होते.

आपल्याकडे कायदा नव्हता काय? होता, आणि चांगला होता. ओरिसातील ‘दादन’ मजुरांच्या हालअपेष्टांतून १९७५ साली त्या राज्याने कायदा केला आणि त्याच धर्तीवर संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ संमत केला. २ ऑक्टोबर १९८० पासून तो अमलात आला. कंत्राटदाराने दोन परवाने घ्यायचे: जेथून माणसे न्यायची त्या राज्यात एक, जेथे कामाला लावायची तेथे दुसरा. प्रत्येकास छायाचित्रासह पासबुक, त्याच्या भाषेतही. मासिक वेतनाच्या निम्मी किंवा पंच्याहत्तर रुपये यांपैकी जी अधिक असेल ती रक्कम विस्थापन भत्ता म्हणून, परत न मागता. जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याची सोय, औषधपाणी. इतकेच नव्हे, तर स्वराज्यातील अधिकाऱ्याने परराज्यात जाऊन आपल्या माणसांची स्थिती तपासावी अशीही तरतूद कलम २० मध्ये होती, अर्थात त्या राज्याच्या संमतीने. केरळच्या कामगार अधिकाऱ्याने वेरावळला जाऊन माडी पाहावी, हे कायद्याला अभिप्रेत होते.

अधिनियम ज्या खुंट्यावर टांगलेला होता तो खुंटा म्हणजे कंत्राटदार. ‘कंत्राटदारामार्फत भरती झालेला’ तोच आंतरराज्य स्थलांतरित. आपल्या पायाने आलेला नव्हे. मग कागदावरून कंत्राटदार नाहीसा करणे एवढेच उरते. मुली नातलगांबरोबर स्वखुशीने आल्या, असे एकदा लिहिले की परवाना, पासबुक, भत्ता सारेच गळून पडते. निरीक्षकाला भाषा येत नाही, मुली बोलत नाहीत, हंगाम संपतो, आणि नस्तीवर ‘तपासणी केली, उल्लंघन आढळले नाही’ असा शेरा पडतो. (लखनौच्या कचेरीत नस्तीला पत्रावली म्हणतात, शेरा मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.) सोलापूरकडची बाई रत्नागिरीला सोलणीस गेली तर राज्याची सीमाच ओलांडली जात नाही, म्हणून तिला हा कायदाही नाही.

याउलट १९९७ साली काय झाले पाहा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये युरोपीय समुदायाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीवर निर्बंध लादले. पुढील थोड्या काळात या उद्योगाचे रूप पालटले. गावोगावच्या उघड्या सोलणी-शेडऐवजी कारखान्याच्या आवारात फरशीचे, जाळीबंद सोलणगृह आले. टोपी, हातमोजे, गमबूट आले. क्लोरीनच्या पाण्यात पाय बुडवून आत जाणे आले. प्रत्येक खोक्याचा माग काढता यावा अशा नोंदी आल्या. निरीक्षण अशक्य आहे, कर्मचारी अपुरे आहेत, धंदा विखुरलेला आहे, ही कारणे कामगार कायद्याच्या बाबतीत वर्षानुवर्षे ऐकलेली. येथे ती कोणी पुढे केली नाहीत. हातमोजे आले ते बोटांसाठी नव्हे, कोळंबीसाठी. काही बायकांच्या बोटांना त्याचा लाभ झाला हे खरे, पण घराजवळच्या शेडमध्ये काम करणाऱ्या केरळच्या बायकांचा रोजगार त्यातच आटला आणि परमुलखात जाण्याची निकड वाढली.

‘हंगाम’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. तो निम्मा समुद्राने ठरविलेला असतो आणि निम्मा शासनाने. पश्चिम किनाऱ्यावर २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यापूर्वी ती सत्तेचाळीस दिवसांची होती. माशांच्या प्रजननासाठी ती आवश्यक आहे आणि तिचे मी समर्थनच करीन. परंतु या आदेशाने माशाला विश्रांती मिळते तेव्हा सोलणाऱ्या बाईला बेकारी मिळते. पुन्हा, उपदान अधिनियम, १९७२ नुसार हंगामी आस्थापनेत प्रत्येक हंगामास पंधराऐवजी सातच दिवसांचे वेतन हिशेबात धरले जाई. तेही पाच हंगाम एकाच मालकाकडे झाल्याचा पुरावा असेल तर, आणि नाव दरवर्षी नव्याने लिहिले जाणाऱ्या हजेरीपटावर असा पुरावा साचत नाही.

एप्रिल २०२० मध्ये हा अदृश्य समाज एकदम दृष्टीस पडला. टाळेबंदीत आंध्र प्रदेशच्या उत्तर किनाऱ्यावरील चार हजारांहून अधिक मच्छीमार वेरावळच्या बंदरात नौकांवरच अडकले. दोन राज्यांच्या सरकारांत बोलणी होऊन त्यांना बसगाड्यांनी घरी नेण्यात आले. तोपर्यंत त्यांची संख्याच नौकामालक आणि तांडेल यांच्याकडून गोळा करावी लागत होती. ३ मे रोजी नाशिकहून श्रमिकांची विशेष गाडी लखनौला पोहोचली, मागोमाग आणखी गाड्या आल्या, आणि उत्तर प्रदेश शासनाने परतलेल्यांच्या कौशल्याची मोजदाद आरंभली. १९८० पासून दोन्हीकडच्या परवान्यांच्या नोंदवह्या नीट भरल्या गेल्या असत्या, तर हे काम एका टपालाचे होते.

१९७९ चा तो अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि तिने कारखाने अधिनियमासह त्याची जागा घेतली. स्वतःच्या पायाने आलेला कामगारही आता स्थलांतरित या व्याख्येत बसतो. चाळीस वर्षांची पळवाट बुजली, हे मोठे काम झाले. स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी करता येते, त्यामुळे मासळीचा तो विशेष अपवादही उरला नाही. मात्र पूर्वी पाच स्थलांतरित असले की कायदा लागू होई, आता दहा लागतात. प्रवासभत्ता राहिला आहे, विस्थापन भत्ता गेला आहे. रात्री एक वाजता धक्क्यावर ट्रॉलर लागतो तेव्हा माडीवर झोपलेल्या मुलीची संमती कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या कागदावर घ्यावयाची, हे जिल्हास्तरावरील अधिकाऱ्याला ठरवावे लागणार आहे.