समुद्राची निळाई आणि मुंबई बंदरातले एक पत्र

सप्टेंबर १९२१. ‘नारकुंडा’ जहाज मुंबई बंदरात आले, तेव्हा उतारूंमध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन होते. २६ तारखेला त्यांनी बंदरातूनच ‘नेचर’ला पत्र लिहिले. विषय : समुद्राचा रंग.

खोल समुद्राची निळाई हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांचे मत. एवढ्या मोठ्या नावापुढे नुसती शंका पुरेशी नव्हती. प्रतिबिंब बाजूला सारूनच पाणी पाहायला हवे होते.

रामन यांच्याजवळ खिशात मावणारा निकोल लोलक होता. लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनातून पाहिल्यास पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे एकाच प्रतलात कंप पावतो. लोलक योग्य दिशेने फिरवला, की तो अडतो. तसे केल्यावर निळाई लोपली नाही, उलट अधिक गडद झाली! रामन यांनी तिचे श्रेय पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणाला दिले. (पाणी तांबडा प्रकाश शोषते, हाही तिच्यातला मोठा वाटा.)

शंभर वर्षांनंतरही तेच प्रतिबिंब आड येते. खालापूरच्या मोरबे धरणासारख्या जलाशयाचा रंग उपग्रहातून वाचायचा, तर तो होडीतून घेतलेल्या मापांशी ताडून पाहावा लागतो. लंबाशी ४० अंशांनी पाहिल्यास शांत पाणी आकाशाचा सुमारे २.५ टक्के प्रकाश परतवते. आकडा किरकोळ भासतो. परंतु पाण्यातून वर येणारा प्रकाशही पुष्कळदा तितकाच क्षीण असतो. वारा सुटला, अर्धे आकाश ढगाळले, की वजा करायचा आकडाच डळमळतो.