मंडालेचा राजा आणि रत्नागिरीचा वाडा

रत्नागिरीस खाडीवरील उंच जागीं थिबा राजाचा वाडा उभा आहे. उतरतीं छपरें, अर्धवर्तुळाकार खिडक्या व पलीकडे पसरलेला समुद्र पाहून परगांवचा प्रवासी क्षणभर थबकतो. परंतु ज्याच्यासाठीं ही वास्तु उभारली, तो ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा येथें राजबंदी म्हणून राहत होता. त्याची हकीगत ध्यानांत घेतली म्हणजे त्या देशांत लष्करी बंडें पुनःपुन्हा कां होतात, याचा कांहींसा उलगडा होतो.

ब्रह्मदेशांत तलवारीच्या जोरावर सत्ता बळकावण्याचा प्रकार जुनाच आहे. थिबाचा पिता मिंडॉन यानें १८५३ सालीं सावत्र भावास पदच्युत करून गादी मिळविली. १८६६ सालीं त्याच्याच दोन पुत्रांनीं बंड करून युवराजपदीं असलेल्या चुलत्याचा वध केला. १८७८ सालीं थिबा गादीवर आला, आणि पुढच्याच वर्षीं वारसा सांगूं शकणाऱ्या कित्येक राजपुत्रांची कत्तल झाली. तथापि या उलाढालींत गादी कोणाची एवढाच वाद असे. गादी असावी कीं नसावी, हा प्रश्न कोणी काढीत नसे.

तो प्रश्न इंग्रजांनीं निकालांत काढला. बाँबे बर्मा ट्रेडिंग कंपनीनें सागवानावरील देणें बुडविलें, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबारानें तिला जबर दंड ठोठावला. थिबानें फ्रेंचांशीं चालविलेलें सख्य इंग्रजांस सलत होतेंच. दंडाचें निमित्त त्यांस पुरलें. नोव्हेंबर १८८५ मध्यें त्यांची फौज इरावतींतून वर चढली व दोन आठवड्यांत मंडाले पडलें. १ जानेवारी १८८६ रोजीं राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें. एप्रिलमध्यें पदच्युत राजा मद्रासहून रत्नागिरीस पोंचला. १९१० सालीं त्यास हा नवा वाडा मिळाला. डिसेंबर १९१६ मध्यें तो येथेंच निवर्तला. दैवाचा खेळ असा, कीं रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळांत मंडालेच्या तुरुंगांत होते.

राजा गेला, पण त्याच्या जागीं लोकांस आपली वाटेल अशी सत्ता आली नाहीं. इंग्रजांनीं मैदानी मुलूख व डोंगराळ मुलूख यांचा कारभार निरनिराळा ठेविला आणि सैन्यांत करेन, काचिन, चिन अशा जमातींचीच भरती मुख्यत्वें केली. त्यामुळें जमातीजमातींत दुरावा वाढला. सर्वांस एकत्र आणूं पाहणारे आंग सान यांची १९ जुलै १९४७ रोजीं हत्या झाली. ४ जानेवारी १९४८ रोजीं स्वातंत्र्य आलें, आणि वर्षभरांतच करेनांचा उठाव पेटला. देश एकसंध राखण्याचें काम सैन्याकडे आलें व हळूहळू राखणदारच घरधनी झाला. २ मार्च १९६२ रोजीं सेनापति ने विन यांनीं सत्ता घेतली; पुढें लाखों हिंदी लोकांस तो देश सोडावा लागला. १९८८ सालीं पुन्हा लष्करी अंमल बसला, आणि १९९० च्या निवडणुकीचा कौल सेनाधिकाऱ्यांनीं मानला नाहीं. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं मिन आंग लाइंग यांनीं तोच मार्ग धरला. त्यानंतर देशभर सशस्त्र लढा भडकला.

या वणव्याची झळ शेजाऱ्यांस लागल्यावांचून राहिली नाहीं. २०१७ सालीं सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशांत आले. २०२१ नंतर हजारों चिन लोकांनीं मिझोराममध्यें आसरा घेतला. आग्नेय आशियांतील राष्ट्रांच्या संघानें एप्रिल २०२१ मध्यें पांच कलमांची तोड सुचविली, पण सेनाधिकाऱ्यांनीं ती अमलांत आणली नाहीं.

डिसेंबर २०१२ मध्यें त्या देशाचे तत्कालीन अध्यक्ष व माजी सेनाधिकारी थेन सेन यांनीं रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीचें दर्शन घेतलें. राजाचें राज्य बुडवावयास परक्यांस एक पंधरवडा पुरला. मात्र ज्या सत्तेपुढें सैनिकही मान तुकवील, अशी सत्ता उभी करणें त्याच्या देशवासीयांस स्वातंत्र्यानंतर पाऊणशें वर्षें लोटलीं तरी साधलेलें नाहीं.