एक रुपया रोज आणि वारज्याचा मजूर अड्डा

१९९७ साली पुणे महापालिकेत हद्दीलगतची ३८ गावं घेण्याचं ठरलं, त्यांत वारजं होतं. नळ, रस्ते, दिवे, घरपट्टी यांची चर्चा तेव्हा भरपूर झाली. पण वारजं शहरात गेलं त्याबरोबर इथल्या मजुराचा एक कायदेशीर हक्कही गेला, याची चर्चा माझ्या कानावर कधी आली नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा ग्रामीण भागाला आणि ‘क’ वर्ग नगरपालिकांना लागू होता. वारजं ग्रामपंचायतीत असेपर्यंत इथला माणूस सरकारकडे काम मागू शकत होता, आणि काम मिळालं नाही तर बेकार भत्ता मागू शकत होता. हद्द सरकली आणि दोन्ही बंद झालं. मी नोकरीची उमेदीची वर्षं त्याच योजनेवर हजेरी सहाय्यक म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर मुलाकडे वारज्याच्या माळवाडीत राहायला आलो. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

रोजगार हमीचं मूळ १९७२ च्या दुष्काळात आहे असं सगळे म्हणतात. खरं मूळ त्याआधीचं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मजुराच्या हाताला काम देण्याची हमी सरकारने घ्यावी, ही त्यांची कल्पना. तासगाव भागात साठच्या दशकात तिचा प्रयोग झाला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी ती उचलून धरली. मग दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांत माझी आई होती. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात ती खडी फोडायला जायची आणि येताना कामावर मिळालेली सुखडी पदराच्या गाठीत आणायची. घरात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या भाकरीची चव मला आवडायची नाही, पण त्यावर आम्ही तिघं भावंडं जगलो.

१९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू झाला, तो या योजनेसाठी. पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची आणि सरकारने तेवढीच भर घालून गावाकडच्या मजुराला काम द्यायचं. शहराने खेड्याची रोजी उचलावी, हे त्या काळच्या महाराष्ट्राने कायद्यात लिहिलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर किमान एक रुपया रोज बेकार भत्ता. रक्कम लहान होती, पण मजूर हात पसरणारा नव्हे तर दावा सांगणारा ठरला.

आता मी पाहिलेलं सांगतो. इतकी वर्षं मी मस्टर भरलं, पण त्या कामांवरच्या एकाही मजुराला बेकार भत्ता मिळालेला मी पाहिला नाही. कारण पैशाचं नव्हतं, तारखेचं होतं. दाव्याचे १५ दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून. बाया यायच्या त्या थेट मुकादमाकडे, नाहीतर माझ्याकडे. “भाऊ, काम कवा निघणार?” हीच त्यांची मागणी, तोंडी. नमुना भरून तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. ज्यांनी अर्ज दिला त्यांनाही पोच मिळायची नाही. शिवाय नवं काम काढायला किमान ५० मजूर लागत. ४० जमले तर उरलेल्या दहांची वाट बघायची, आणि ती वाट बघण्याची नोंद कुठंच होत नसे. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर उशीर नाही, आणि उशीरच झाला नाही तर भत्ता कशाचा?

मजुरीच्या दिरंगाईची गतही तशीच. पाझर तलावाचं काम असो की नाला बंडिंगचं, मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर. आठवडा संपला की इंजिनिअरने यावं, फीत लावावी, मोजमाप पुस्तकात लिहावं. त्यावरून हिशेब, तपासणी, सही, आणि मग रोख रक्कम घेऊन वाटपाला माणूस येणार. इंजिनिअरकडे एकाच वेळी कितीतरी कामं असत. तो एक आठवडा आला नाही की पुढची साखळी तिथंच थांबायची. मस्टरवर अंगठे उमटलेले, खड्डे खोदून झालेले आणि हातात काही नाही. गावातला दुकानदार तेल-मीठ उधार द्यायचा, पण भाव वाढवून लावायचा. दिरंगाईची खरी किंमत तिथं मोजली जायची, आणि ती मजूर बाई मोजायची.

२००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने आमच्याच योजनेचं बोट धरलं आणि काही गोष्टी सुधारल्या. काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिश्शाने आणि पुढे निम्म्याने भत्ता. मजुरीला उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर दररोज ०.०५ टक्के भरपाई. हिशेब करून बघा. १,५०० रुपये थकले तर दिवसाला ७५ पैसे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की कार्यालयीन दिरंगाईचा भार मजुरावर टाकता येणार नाही. हे तत्त्व मोलाचं आहे, पण ७५ पैशांना कोणतं कार्यालय घाबरेल?

वारज्यात सकाळी मजूर अड्ड्यावर गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. कुणी मराठवाड्यातला, कुणी सोलापूरकडचा, कुणी कर्नाटकातला. गावी यांच्या नावाचं रोजगार हमीचं जॉबकार्ड आहे, इथं ते चालत नाही. दहा-साडेदहापर्यंत ठेकेदाराची गाडी थांबली नाही की डबा तसाच घेऊन घरी. त्या दिवसाची नोंद कोणत्याही मस्टरवर नसते. कारखान्यात ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो त्यांच्यासाठी बेकारीचा भत्ता आहे. २०१८ पासूनच्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी कमाईच्या २५ टक्के, ९० दिवस मिळत. कोविडमध्ये तो ५० टक्के झाला आणि मालकाच्या सहीवाचून थेट शाखा कार्यालयात दावा करता येऊ लागला. ही सुधारणा मोठी होती, कारण कामावरून काढणाराच अर्जावर सही करील ही अपेक्षाच चुकीची होती. पण अड्ड्यावरच्या बिगाऱ्याचा ईएसआय कोण भरणार?

त्याच्यासाठी उरतं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्याचा निधी जमतो. २०२० च्या टाळेबंदीत राज्याने नोंदणी जिवंत असलेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यात आधी २,००० आणि मग ३,००० रुपये जमा केले. नोंदणी नसलेल्यांना, नूतनीकरण राहून गेलेल्यांना काही मिळालं नाही. पुन्हा तोच कागद, तीच तारीख. नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला तो देणार कोण? मी अड्ड्यावरच्या मुलांचे अर्ज भरून देतो, तेव्हा गाडं अडतं ते याच दाखल्यावर.

केरळने २०१० मध्ये शहरी रोजगार हमी आणली, राजस्थानने २०२२ मध्ये. ज्या राज्याने हा विचार देशाला दिला, त्या महाराष्ट्राच्या शहरांत मात्र ती अजून नाही. व्यवसाय कर पुणेकर आजही भरतो. त्यातून शहरातल्या बेकार हातांनाही काम मिळावं, आणि मागणी नोंदवली त्याच क्षणी तारखेची पोच हातात पडावी, ही मागणी आपण आपल्या नगरसेवकापासून आमदारापर्यंत लावून धरली पाहिजे. तोवर एवढं करा. तुम्ही ठेकेदार असाल, साइट इंजिनिअर असाल, तर तुमच्याकडे राबलेल्या गवंड्याला आणि बिगाऱ्याला कामाच्या दिवसांचा दाखला सही-शिक्क्यानिशी द्या, आणि त्यावर तारीख घाला.