घरधुळीतील माइटची अ‍ॅलर्जी

घरातल्या धुळीत, त्यातही गाद्या-उशांमध्ये राहणाऱ्या सूक्ष्म माइटच्या विष्ठेतील व अंगातील प्रथिनांना शरीराने दिलेली अवाजवी प्रतिक्रिया. सकाळी उठताच शिंकांची सर, चोंदलेले नाक, डोळ्यांना व टाळूला खाज ही तिची नेहमीची लक्षणे. काहींना दम्याची धाप लागते, तर काही मुलांचे इसब बळावते. नाक सारखे तळहाताने वर ढकलत राहिल्याने मुलांच्या नाकावर आडवी रेघ उमटते. ताप नसतो आणि त्रास थोड्याफार प्रमाणात बारा महिने चालतो, त्यामुळे ‘याला सर्दीची सवयच आहे’ म्हणून वर्षानुवर्षे निदान होत नाही.

माइट हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळी व गोचीड यांच्या नात्यातला जीव. लांबी ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ अदृश्य. डर्मॅटोफॅगॉइडीस टेरोनिसिनस व डर्मॅटोफॅगॉइडीस फरिनी या प्रजाती जगभर आढळतात. उष्ण व दमट प्रदेशांत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिसची भर पडते. माइट चावत नाही, रक्त पीत नाही. माणसाच्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो आणि पाणी न पिता हवेतली वाफ शोषतो. म्हणून हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की तो सुकून मरतो; ७० ते ८० टक्क्यांना त्याची भरभराट होते. आयुष्य दोन-तीन महिन्यांचे, पण दिवसाला साधारण २० विष्ठाकण तो मागे टाकतो. खरा उपद्रव या कणांचा. त्यांतील ‘डर पी १’ हे पाचक विकर श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल करते. आत शिरलेल्या प्रथिनांविरुद्ध शरीर आयजीई प्रतिपिंडे बनवते आणि पुढच्या प्रत्येक संपर्कात हिस्टामिन सुटते.

धुळीने दमा होतो हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. धुळीतले नेमके काय, हे १९६४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे रेइंडर्ट फोरहोर्स्ट, फ्रित्स स्पीक्स्मा व सहकाऱ्यांनी दाखवले. तिथल्या ओलसर घरांतील धूळ कोरड्या घरांतील धुळीपेक्षा अधिक त्रासदायक ठरत होती, आणि तो फरक माइटच्या संख्येशी जुळला. स्वित्झर्लंडमधील दावोसला, दीड हजार मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेत, दमेकरी मुलांना बरे वाटते त्याचेही हे एक मोठे कारण.

मुंबई-कोकण-गोव्याची हवा दावोससारखी कोरडी करता येणार नाही. पावसाळ्यात गादीला महिनोन्‌महिने ऊन मिळत नाही, माइट वाढतात. पुढे हवा कोरडी होऊन ते मेले तरी विष्ठाकण गादीत तसेच राहतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या गोधड्या आणि दिवाणातल्या रजया झटकल्या जातात तेव्हा शिंकांचा कहर होतो तो त्यामुळे. विदर्भातला कोरडा उन्हाळा खरे तर माइटला मारक, पण बंद खोलीत कूलर लावून आपणच त्याला ओलावा पुरवतो. आपल्या बहुतेक घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो, ही मात्र मोठी जमेची बाजू. परदेशी पुस्तिकांतला गालिचे काढण्याचा सल्ला इथे फारसा लागू पडत नाही.

घरगुती उपायांत सर्वाधिक शक्ती चुकीच्या जागी खर्च होते: कपाटावरची धूळ, पंख्याची पाती, जळमटे. लढाई अंथरुणावर आहे, कारण माणूस दिवसाचे सात-आठ तास त्यातच नाक खुपसून असतो. चादरी व अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. गार पाण्याने विष्ठाकण बरेचसे निघतात, माइट मात्र तगतात. पातळ गोधडीला कडक ऊन उत्तम. जाड कापसाच्या गादीत ते आतपर्यंत पोचत नाही, शिवाय मेलेला माइटही अ‍ॅलर्जी देतोच, म्हणून धुणे टळत नाही. गादी झोडपणे, पिंजून घेणे ही कामे रुग्णाने करू नयेत, त्या वेळी घरातही थांबू नये. केरसुणीऐवजी ओले फडके बरे. मुलांची कापडी खेळणी पिशवीत घालून एक-दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत व मग धुवावीत. हवाशुद्धीकरण यंत्राकडून फार अपेक्षा नको: विष्ठाकण जड असल्याने हवेत थोडाच वेळ तरंगतात आणि खाली बसतात. डांबरगोळ्या, धूप, डासांची कॉइल यांचा वास व धूर सुजलेल्या नाकाला उलट चाळवतो.

गादी-उशीला घालायच्या घट्ट विणीच्या खोळींबद्दल मतभेद आहेत. मोठ्या माणसांच्या दम्यात नुसत्या खोळींनी फरक पडला नाही, असे २००३ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. २०१७ मध्ये तिथल्याच मुलांवरील चाचणीत मात्र दम्याच्या झटक्यामुळे रुग्णालय गाठण्याची वेळ कमी मुलांवर आली. लहान मुलाला दमा असेल आणि तपासणीत माइटची अ‍ॅलर्जी ठरली असेल, तर खोळीचा खर्च करण्याजोगा आहे. उरलेल्यांनी आधी धुण्याकडे पाहावे.

निदान त्वचेवरील टोचणी-चाचणीने किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई मोजून होते. तपासणी होकारार्थी आली तरी लक्षणे जुळली पाहिजेत. उपचारात नाकात मारायचा स्टिरॉइड फवारा हा मुख्य आधार. नाव ऐकून पालक दचकतात, पण नाकापुरता जाणारा डोस अगदी थोडा असतो. अँटिहिस्टामिन गोळ्यांनी शिंका व खाज थांबते, चोंदलेपण तितके हटत नाही. दम्याला इन्हेलर लागतो. रोगाच्या मुळाशी जाणारी पद्धत म्हणजे प्रतिरोध-उपचार: माइटचा अर्क वाढत्या मात्रेत इंजेक्शनने किंवा जिभेखाली तीन ते पाच वर्षे देणे. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

माइटमधील ट्रोपोमायोसिन हे स्नायूंतील प्रथिन कोळंबी, खेकडे यांतील प्रथिनाशी मिळतेजुळते असते. त्यामुळे काही रुग्णांना कोळंबी खाल्ल्यावर तोंडाला खाज येते वा अंगावर गांधी उठतात. ज्यांना ती सोसते त्यांनी केवळ माइटच्या धास्तीने सोडण्याचे कारण नाही. याहून दुर्मीळ पण गंभीर प्रकार ओलसर हवेत उघड्या राहिलेल्या पिठाचा: त्यात माइट वाढतात आणि त्याचे पदार्थ खाल्ल्यावर अ‍ॅलर्जी असणाऱ्यास धाप लागू शकते, कारण शिजवल्यानेही त्यांची काही प्रथिने नष्ट होत नाहीत. अशा घरांत पावसाळ्यात पीठ थोडे थोडे दळून आणावे आणि हवाबंद डब्यात, जमल्यास फ्रीजमध्ये ठेवावे.