नवी पेठ आणि जुने गाव

गावाबाहेर नवी वस्ती उभी राहिली म्हणजे मूळच्या घरमालकाचे काय होते, हा प्रश्न एरंडोलकरांस आज पडू लागला आहे. धुळे-जळगाव महामार्गालगतच्या शेतांचे प्लॉट पडतात. अंजनीकाठच्या जुन्या घरांच्या वारसांपुढे मात्र घर राखावे की मोडावे, असा पेच येतो. खानदेशास हा प्रश्न नवा नाही.

इ. स. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. १८१९ साली तेथे घरे अवघी ४०१ व माणसे २,५०९ होती. एकीकडे पांझरा, दुसरीकडे पाट आणि सभोवार बागाईत, अशा कोंडीत ते गाव होते. ब्रिग्जने व्यापाऱ्यांस पाचारण करून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या. परंतु त्याच्या योजनेचे मर्म पुढेच आहे. पक्की घरे बांधण्याकरिता सरकारने ज्या रकमा आगाऊ दिल्या, त्या परक्यांप्रमाणेच जुन्या रहिवाशांसही दिल्या. हा निव्वळ परोपकार नव्हे. भरलेली पेठ सरकारासही हवीच होती. तथापि जुना माणूस हिशेबातून वगळला गेला नाही, हे खरे. १८७२ पर्यंत घरे २,६२० व वस्ती १२,४८९ झाली. म्हणजे दर घरामागे सहाहून अधिक माणसे होती, ती पाचांच्या आत आली.

एरंडोलची गोष्ट निराळी. देशी कागदासाठी नावाजलेले हे गाव. पण आगगाडी नऊ मैलांवरील म्हसावदवरून गेली, कापसाची मोठी बाजारपेठ जळगावास झाली आणि १९०६ साली पूर्व खानदेशचे ठाणेही तेच ठरले. एरंडोलात कोणाचे घर कोणी हिरावून घेतले नाही. घराला किंमत आणणारा व्यवहार तेवढा दूर गेला.

ह्या दोन उदाहरणांवरून एवढे दिसते की, नवी वस्ती ही स्वभावतः जुन्या गावाची वैरीण नव्हे. रस्ता, पाणी, बाजार व कर्ज ही तिच्याबरोबर एकट्या नव्याकडेच गेली, तर जुने घर उभे असूनही ओस पडते. नव्या नकाशावर सही करणाऱ्याने म्हणूनच आधी एक विचारावे: ह्यात जुन्या गल्लीच्या वाट्यास काय येते?